स्टॅम्पपेपरवरचा संसार कुणाच्या बाजूचा?

‘लिव्ह-इन’ म्हटलं की आपल्याकडे लोकांना मुंबई-पुण्यातले फ्लॅट आठवतात. पण शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत लग्नाशिवाय एकत्र राहणारी जोडपी काही कमी नाहीत. कातकरी वाडीत पोरगा-पोरगी एकत्र राहू लागतात, वीटभट्टीवर जोडीने राबतात, मुलं होतात. उचल फिटून चार पैसे उरले तर हळद लागते, नाही उरले तर राहून जाते. दुसरीकडे आपल्या वस्तीतला बौद्ध मुलगा आणि दुसऱ्या जातीची मुलगी घरच्यांच्या धाकाने कल्याण-भिवंडीकडे खोली घेतात आणि तालुक्याच्या कोर्टाबाहेर नोटरीकडून स्टॅम्पपेपरवर ‘आम्ही राजीखुशीने एकत्र राहत आहोत’ असं लिहून घेतात. त्यांना वाटतं, झालं लग्न.

लग्न झालेलं नसतं. नोटरीला लग्न लावण्याचा अधिकारच नाही. केंद्र सरकारच्या विधी खात्यानेही २०२४ मध्ये नोटरींना तसं बजावलं. महाराष्ट्रात त्याच वर्षी अशा कागदाचा किमान स्टॅम्प १०० वरून ५०० रुपयांवर गेला. कागद महागला, त्याची ताकद वाढली नाही.

हा कागद भांडणात कुणाच्या उपयोगी पडतो, हे मुंबईत दिसलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बलात्काराच्या गुन्ह्यातल्या एका पुरुषाने सत्र न्यायालयात सात कलमांचा ‘लिव्ह-इन करार’ पुढे केला. स्त्रीने लैंगिक छळाची तक्रार करायची नाही, ती गरोदर राहिली तर जबाबदारी तिची एकटीची, अशी त्यातली कलमं होती. सही आपली नाहीच, असं तिचं म्हणणं होतं. त्या पुरुषाला अटकपूर्व जामीन मिळाला. खरंखोटं खटल्यात ठरेल. पण ती कलमं वाचा. एका बाजूला सगळी मोकळीक, दुसऱ्या बाजूला सगळी जबाबदारी. मनुस्मृतीचं दहन १९२७ साली महाडला झालं, तिचा मसुदा मात्र अजून टाईप होतोय.

गुजरातने हे आधीच पाहिलं आहे. तिथे १९७० च्या दशकात ‘मैत्री करार’ निघाले. घरात बायको असलेला पुरुष दुसऱ्या बाईशी करार करायचा. एकापेक्षा जास्त बायकांना कायद्याने बंदी झाली, तेव्हा शोधलेली ही पळवाट. त्या बाईला ना पत्नीचा हक्क मिळाला ना वारसा.

मग कायदा काय देतो? अशा करारासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. पण २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा ‘विवाहसदृश संबंध’ मानतो. मारहाण झाली, घराबाहेर काढलं, तर लग्नाचा दाखला नसलेली स्त्रीही संरक्षण, निवारा आणि पोटगी मागू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये वेलुसामी प्रकरणात अटी सांगितल्या: दोघं सज्ञान असावेत, लग्नाला कायद्याने मोकळे असावेत, बराच काळ स्वेच्छेने एकत्र राहिलेले असावेत आणि चारचौघांत नवरा-बायकोसारखे वावरलेले असावेत. २०१३ च्या इंद्रा सर्मा प्रकरणात पुरुष आधीच विवाहित आहे हे त्या बाईला माहीत होतं, म्हणून तिला हे संरक्षण मिळालं नाही. म्हणून विवाहित माणूस करार पुढे सरकवत असेल तर बहिणींनो, सही करू नका. आणि मुलाचा खर्च? आईबापाचं लग्न झालेलं असो वा नसो, मुलाच्या पोटगीचा हक्क कायद्याने दिलेला आहे. आईने सही केली म्हणून तो बुडत नाही. गुन्ह्याची तक्रार न करण्याची अटही करार कायद्याच्या कलम २३ पुढे टिकत नाही.

आमचं म्हणणं एवढंच आहे. करार करायचा तर पैशाचा, घराचा, मुलांचा करा. शरीराचा आणि तक्रारीच्या हक्काचा करार कुणी लिहू नये आणि आपल्या कार्यकर्त्याने त्यावर साक्षीदार म्हणून सही करू नये.

आपल्या भागात त्याचा अर्थ साधा आहे. भट्टीवर उचल जोडीच्या कामावर मिळते, पण हिशेब पुरुषाच्या नावावर राहतो. बाई निघून गेली तर सहा महिन्यांची तिची मजुरी कुठे गेली, हे विचारायला कागद नसतो. तो कागद हवा. खोलीचं डिपॉझिट कुणी भरलं, घरकुल कुणाच्या नावावर, सोनं-भांडी-मोटारसायकल कुणाची, वेगळं झाल्यावर किती दिवस राहायला मिळेल, मुलांचा खर्च कोण किती उचलेल, हे लिहा. मजकूर दोघांना वाचून दाखवा आणि प्रत दोघांकडे ठेवा.

ज्यांना लग्नच करायचं आहे त्यांना नोटरीकडे नेऊ नका. विशेष विवाह कायद्याच्या तीस दिवसांच्या नोटिशीला पोरं घाबरतात, कारण नोटीस घरच्यांपर्यंत पोहोचते. पण बौद्ध आणि हिंदू जोडप्याला दुसरी वाट आहे. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू होतो. त्यात आपल्याला कोंबलं आहे हा आपला जुना वाद आहे, आणि स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी आपण सोडलेली नाही. तोवर विहारात बौद्ध पद्धतीने लग्न लावून त्याची रीतसर नोंदणी करता येते. अनुसूचित जमातींना मात्र तो कायदा लागू नाही. तिथे जमातीची रीत किंवा विशेष विवाह कायदा, असे दोन मार्ग उरतात.

आपल्यातले काही ज्येष्ठ म्हणतात, लग्नाशिवाय राहणं धम्मात बसत नाही. आम्ही त्यांना आदराने विचारतो, तिसरं शील काय सांगतं? कामवासनेपायी दुसऱ्याला फसवू नका, दुखवू नका. हुंडा घेऊन बायकोला मारणारा नवरा ते शील पाळतो का? १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं, त्यामागचं एक मोठं कारण हिंदू कोड बिलाचं रखडणं होतं. स्त्रीला मालमत्तेत वाटा आणि घटस्फोटाचा हक्क हे त्या बिलाचं काळीज होतं. त्यांनी स्वतः १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. स्त्रीच्या हक्काला कायद्याची हमी असावी, हा त्या सगळ्यातला धडा.

पण हमी वेगळी आणि पहारा वेगळा. उत्तराखंडच्या समान नागरी कायद्याने २०२५ पासून लिव्ह-इनची नोंदणी सक्तीची केली. महिन्याभरात नोंद केली नाही तर तुरुंगाची तरतूद आहे. आंतरजातीय जोडप्यांची नावं सरकारी दप्तरात गेली की ती कुणाच्या हाती लागतील, हे आपल्याला सांगायला नको. महाराष्ट्रात असं काही आलं तर आपण विरोध केला पाहिजे.

तोवर काम आपल्या हातात आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती आणि जमातींना १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समिती कोर्टातच असते. नोटरीच्या टेबलापर्यंत जोडप्याला सोडणाऱ्या मित्राने अजून दहा पावलं पुढे जावं आणि त्यांना तिथे न्यावं.

जय भीम!