मायनर छापलंय, पण शिकवणार कोण?

राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांचे माननीय कुलगुरू, विद्या परिषदेचे व अभ्यास मंडळांचे सदस्य आणि उच्च शिक्षण विभागातील अधिकारी यांस,



मी एका तालुक्याच्या गावी, अनुदानित महाविद्यालयात चोवीस वर्षं भूगोल शिकवते आहे. बारावीचा निकाल लागला की प्रवेशाच्या टेबलावर माझी ड्यूटी लागते. तिथे बसून जे दिसतं ते तुमच्या बैठकीच्या टेबलापर्यंत पोचत नसावं, म्हणून हे पत्र.

गेल्या खेपेला एक मुलगी वडिलांना घेऊन आली. प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, आधारची झेरॉक्स, सगळं एकाखाली एक नीट लावलेलं. वडील खुर्ची असूनही उभेच राहिले. मी विचारलं, कोणता विषय घेणार? ती म्हणाली, "मॅडम, मला नकाशे करायचेत." त्यांच्या गावठाणाची मोजणी स्वामित्व योजनेत ड्रोननं झाली, तेव्हा ती दिवसभर उन्हात उभी राहून बघत होती. घरांच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारल्या, ड्रोन उडाला, आणि पुढे घरोघरी मिळकत पत्रिका आल्या. वरून काढलेल्या फोटोचा नकाशा कसा होतो, असं तिनं मोजणीला आलेल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, जीआयएस शीक. तो शब्द तिनं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला होता. ते पान तिनं मला दाखवलं. तिला भूगोल मेजर आणि संगणक मायनर हवं होतं.

चोवीस वर्षांत इतकी नेमकी मागणी घेऊन माझ्यासमोर फार थोडी मुलं बसली आहेत. आणि नियमात ही मागणी चोख बसते. मायनर विषय दुसऱ्या विद्याशाखेचाही चालतो, हे शासनाच्या श्रेयांक आराखड्यात स्पष्ट लिहिलं आहे. तरी मला तिला नाही म्हणावं लागलं. आमच्याकडे संगणक आहे तो विनाअनुदानित विभागात. त्याची फी वेगळी, त्याचे तास सकाळी, आणि नेमके त्याच वेळी भूगोलाचे प्रात्यक्षिक. शेवटी तिच्या अर्जावर मायनर म्हणून इतिहास लिहिला गेला. इतिहास कमी दर्जाचा विषय आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण तिनं तो मागितला नव्हता. वडील इतका वेळ गप्प होते. निघताना त्यांनी माहितीपत्रकावर बोट ठेवून विचारलं, "मग हे छापलंय कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते तुमच्याकडे आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं, आणि बहुतेक संलग्न महाविद्यालयांत त्याची रचना २०२४-२५ पासून लागू झाली. मी या धोरणाच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते. कला शाखेच्या मुलीला संगणक शिकता यावा, विज्ञानाच्या मुलाला मराठी साहित्य वाचता यावं, ही कल्पना मला मनापासून पटते. माझ्या वेळी शाखेची भिंत ओलांडायची म्हटलं तर पदवीच बदलावी लागे. पण एक गोष्ट आम्हाला तेव्हा मिळत होती. एफवायला चार ऐच्छिक विषय घ्यायचे, वर्षभर चाखून बघायचे आणि एसवायला एक 'स्पेशल' ठरवायचा. मी स्वतः अर्थशास्त्र करायला आले होते. भूगोलाच्या सरांनी पहिल्या पावसात आम्हाला ओढ्यावर नेऊन गाळ कसा साचतो ते दाखवलं आणि मी वळले. जिथे आता पहिल्या वर्षी तीन विषय देऊन दुसऱ्या वर्षी मेजर-मायनर ठरवायची मुभा आहे, तिथे ही चाखण्याची सोय टिकली. ती सगळीकडे असावी. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाकडून प्रवेशाच्या खिडकीवर पाच मिनिटांत चार वर्षांचा निर्णय मागू नये.

अडचण धोरणाच्या हेतूत नाही, आपल्या विद्यापीठांच्या बांधणीत आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालं, तेव्हा शिकवणं महाविद्यालयांनी आणि परीक्षा घेणं विद्यापीठानं अशी वाटणी होती. पुढे विद्यापीठांत विभाग उघडले, पण संलग्न महाविद्यालयांसाठी ती वाटणी आजही जवळजवळ तशीच आहे. सगळ्यांना तेच विषय, तोच पेपर, तेव्हा ती चालून गेली. आता तुम्ही प्रत्येक मुलाला वेगळं ताट वाढायचं ठरवलं आहे, आणि स्वयंपाकघर तेच आहे. सत्राला २२ श्रेयांक, त्यात मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्यवसाय कौशल्य (व्हीएससी), कौशल्यवृद्धी (एसईसी), क्षमतावृद्धी (एईसी), मूल्यशिक्षण (व्हीईसी), भारतीय ज्ञान प्रणाली. लेखी विषयाच्या एका श्रेयांकाला १५ तास शिकवावं लागतं. हे तास घेणार कोण? प्राध्यापक निवृत्त झाले की जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात आणि त्या तासिका तत्त्वावरच्या मुलामुलींना देऊन वेळ भागवली जाते. नेट-सेट झालेली, पीएचडी केलेली ही तरुण माणसं तासावर पैसे घेतात, दरवर्षी नव्यानं मुलाखत देतात आणि सुट्टीत त्यांच्या हाती काही नसतं.

ओपन इलेक्टिव्हचं बघा. तो आपल्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यायचा, असा दंडक आहे. शहरात हे सोपं जातं. मुंबईत २०१९ साली होमी भाभा राज्य विद्यापीठ उभं राहिलं तेव्हा एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि विज्ञान संस्था एकत्र आणल्या गेल्या. कला, वाणिज्य, विज्ञान पायी जाण्याच्या अंतरावर. आमच्याकडे दुसरं महाविद्यालय तीस किलोमीटरवर, आणि मधली एसटी दुपारची एकच. ज्या महाविद्यालयात फक्त कला शाखा आहे, तिथे शाखेबाहेरचा विषय आणायचा कुठून? मग आहे त्याच माणसांत वाटप होतं. आमच्या इतिहासाच्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाच्या हाती सत्र सुरू व्हायच्या आदल्या दिवशी भांडवल बाजाराचा पेपर दिला गेला. तो बिचारा रात्रभर वाचून आला आणि प्रामाणिकपणे शिकवत राहिला. पण एका मुलानं म्युच्युअल फंडाबद्दल विचारलं, आईनं बचत गटातून पैसे गुंतवले होते म्हणून, तेव्हा तो म्हणाला, उद्या सांगतो. त्या दिवशी स्टाफरूममध्ये तो डबा न उघडता बसून होता.

आता मधूनच बाहेर पडण्याच्या सोयीबद्दल. पहिल्या वर्षानंतर ४४ श्रेयांकांवर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर ८८ वर पदविका, तिसऱ्यानंतर १३२ वर पदवी, चौथ्यानंतर १७६ वर ऑनर्स. ज्याला घरच्या अडचणीमुळे थांबावं लागतं त्याचं वर्ष वाया जाऊ नये, हा विचार चांगला आहे. पण या प्रमाणपत्राचं बाजारात काय होतं, ते आमच्या मुलांना कुणीतरी खरं सांगितलं पाहिजे. पोलीस भरतीला बारावी पुरते. तलाठी भरतीला पदवी लागते. राज्यसेवेला पदवी लागते. एका वर्षाचं प्रमाणपत्र यातल्या कुठल्याच दारावर चालत नाही. शिवाय ते आपोआपही मिळत नाही. बाहेर पडणाऱ्यानं कौशल्याचे चार श्रेयांक जास्तीचे पूर्ण करावे लागतात. जो मुलगा ऊसतोडीच्या हंगामात गेला आणि परत आलाच नाही, त्याला हे माहीतच नसतं.

आणि मुलींच्या बाबतीत मला भीती वाटते. दुसऱ्या वर्षाचा अर्ज न भरलेल्या एका मुलीच्या घरी मी गेले होते. अंगणात मांडवाचे बांबू पडले होते. तिची आजी म्हणाली, "सर्टिफिकेट मिळतंय ना बाई, तेवढं पुरे." आजीचा हेतू वाईट नव्हता. सरकारनंच एका वर्षाला शिक्का दिला, मग ते पूर्ण शिक्षणच, असं तिला वाटलं. तीन वर्षांच्या आत परत येता येतं हे मी सांगितलं. ती मुलगी दाराच्या आत उभी राहून ऐकत होती. ती परत आली नाही. ही सोय कितीजणांनी वापरली हे जसं मोजाल, तसंच त्यातल्या मुली किती आणि परतल्या किती, हेही दरवर्षी मोजा आणि जाहीर करा.

चौथ्या वर्षाची गोष्ट अजून पुढे आहे, म्हणून आत्ताच बोलते. पहिली मोठी तुकडी २०२७-२८ मध्ये तिथे पोचेल. तीन वर्षांच्या पदवीनंतर एमए दोन वर्षांचं, चार वर्षांच्या ऑनर्सनंतर एक वर्षाचं, म्हणजे एकूण वर्षं पाचच, हे पालकांना ठाऊक नाही. संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत आणि मार्गदर्शकही हवा. आमच्या विभागात दोघेजण आहोत. चौथं वर्ष फक्त शहरांतच सुरू झालं, तर खेड्यातल्या हुशार मुलांना पुन्हा खोलीभाडं आणि मेसचा हिशोब आधी करावा लागेल.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक महाविद्यालयानं प्रवेश सुरू होण्यापूर्वी एक पान लावावं: या वर्षी इथे खरोखर कोणते मेजर, मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह शिकवले जातील, कोण शिकवेल, कोणत्या वेळी. जे शिकवता येत नाही ते त्या पानावर नसावं, आणि हे पान विद्यापीठानं तपासावं. शेजारच्या तीन-चार महाविद्यालयांचं वेळापत्रक एकत्र बसवावं, म्हणजे आठवड्यातून दोन दिवस मुलं दुसरीकडे जाऊन मायनर करतील. त्या दोन दिवसांच्या एसटीसाठी आगाराशी तुम्ही बोला. प्राचार्यांच्या पत्राला तिथे कोणी विचारत नाही. स्वयम् या सरकारी ऑनलाइन मंचावरच्या अभ्यासक्रमांतून ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक घेता येतात, पण त्यांतले बहुतेक इंग्रजीत आहेत, म्हणून त्यांच्यासाठी महाविद्यालयात मराठीत समजावणारा माणूस आणि त्याचे तास मंजूर करा. आणि रिकाम्या जागा भरा. हे शेवटचं माझं आणि माझ्या सहकाऱ्यांचं इतक्यांदा लिहून झालं आहे की तुम्हाला ते वाचायची सवय झाली असेल, पण बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे.

नकाशे करायचेत म्हणणारी ती मुलगी आता माझ्याच वर्गात आहे. शनिवारी तास संपल्यावर मी तिला आणि आणखी चौघांना विभागातल्या जुन्या संगणकावर क्यूजीआयएस शिकवते. ते सॉफ्टवेअर फुकट मिळतं. तिनं तिच्या गावातल्या विहिरी नकाशावर टिपल्या आहेत, कोणती कधी आटते त्याच्या नोंदीसह. याचे श्रेयांक तिला मिळत नाहीत. येत्या मे महिन्यात निकाल लागायच्या आधी, ते एक पान आमच्या टेबलावर पोचेल अशी व्यवस्था करावी, ही विनंती.

आपली,
भूगोलाची एक प्राध्यापिका