लोअर परळमध्ये जेवायचे कुठे?



गेल्या महिन्यात आमच्या गटातल्या एका मित्राचा पहिला पगार झाला. पार्टी हवी होती, आणि तीही लोअर परळलाच, असा त्याचा हट्ट. त्याचे आजोबा तिथल्याच एका गिरणीत रिंगखात्यात राबले होते. मोबाइलवर शोधले तर ‘लोअर परळमध्ये कुठे जेवाल’ या याद्यांचा नुसता पूर. जपानी, इटालियन, कोरियन, सगळे हजर. त्यातले एक ठिकाण निवडले. जुन्या गिरणीचे आवार, विटांची भिंत मुद्दाम उघडी ठेवलेली, एक गंजलेले चाक शोभेला टांगलेले. दारावरच्या माणसाने आमच्यातल्या पाठीवर बॅग असलेल्या मित्राला अडवले. म्हणाला, “डिलिव्हरीवाले मागच्या गेटने.”

ज्याचा पगार झाला होता, त्यालाच अडवले होते! तो काही बोलला नाही. आम्हीही बोललो नाही. आत बसलो, हळू आवाजात बोललो, चौघांचे 6,400 रुपये भरले आणि बाहेर येऊन टपरीवर वडापाव खाल्ला, कारण पोट भरलेच नव्हते. वडापाव खाताना ज्या शिव्या दिल्या त्या आत द्यायला हव्या होत्या. ते जमले नाही म्हणून हा लेख.

मुळात ही जागा कोणाची? ज्या भिंतीच्या विटा आज फोटोसाठी उघड्या ठेवल्या आहेत, तिच्या आत आपल्या माणसांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या ओठाचा धोटा आम्ही ओठाला कसा लावू, असे सवर्ण कामगार म्हणत. विणकाम खात्यात पगार जास्त, म्हणून विटाळही तिथेच जास्त! लाल बावट्याखाली एकजुटीच्या घोषणा चालू होत्या आणि पाण्याचे माठ मात्र वेगळे होते. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक ठेवला. गिरणगावच्या आठवणींनी गहिवरणारे आपले डावे मित्र हे पान जरा घाईने उलटतात.

म्हणजे त्या आवारात ‘तोंड’ हा पहिल्यापासूनच जातीचा प्रश्न आहे. तेव्हा तोंडाला काय लावायचे यावर भांडण होते, आज तोंड पाहून गेट ठरते.

आता कोणी म्हणेल, एवढे वाटते तर जाता कशाला अशा ठिकाणी? हा सल्ला आम्हाला मान्य नाही. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मार खावा लागला. शाहू महाराजांनी त्यांना हॉटेल काढून दिले आणि तिथे स्वतः चहा प्यायला, सोबतच्यांनाही पाजला. महाडला 1927 साली पाणी प्यायला गेलो तेव्हा काही घरी पाणी नव्हते म्हणून गेलो नव्हतो. आणि संविधानाच्या कलम 15 च्या दुसऱ्या उपकलमात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. जातीच्या, धर्माच्या कारणावरून तिथे अडवता येणार नाही. तेव्हा ज्याला सुशी खायची त्याने खुशाल खावी. पुढच्या गेटनेच जावे. खिशाची अट मात्र कलम 15 ला काढता आलेली नाही, ती वेगळी लढाई आहे.

पण या याद्यांमध्ये काय नाही तेही पाहिले पाहिजे.

गिरणगाव कोणी जेवू घातले? खानावळवाल्या बायांनी. कोकणातून, साताऱ्याकडून एकटे आलेले कामगार महिन्याच्या बोलीवर त्यांच्याकडे जेवत. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-वीस माणसांच्या भाकऱ्या थापल्या जात. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी याच बायांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. तरी इथेही भाबडेपणा नको. खानावळीत ताट जात आणि गाव पाहूनच पडायचे. मराठ्यांच्या खानावळीत महार कामगाराला ताट मिळत नव्हते. आपल्या आज्या आपल्या माणसांसाठी वेगळ्या चुली पेटवत होत्या. त्या चुलींची नोंद ना गिरणगावच्या गौरवग्रंथात, ना आजच्या यादीत.

1982 चा संप झाला, गिरण्या बसल्या, जमिनी विकल्या गेल्या. फिनिक्स मिलचा मॉल झाला. कमला मिलमध्ये डिसेंबर 2017 च्या आगीत 14 जीव गेले, तेव्हा जगाला कळले की या जुन्या आवारांत गच्चीवर काय काय चालते. मधल्या काळात मेनूकार्डावर गंमत झाली. वजडी, भेजा, मुंडी हे पदार्थ इंग्रजी नाव घेऊन चिनी मातीच्या बशीत आले. आपल्या घरात ज्याच्या वासावरून शेजारी दार लावून घेत, त्यालाच आता ‘शेफची खासियत’ म्हणतात!

यावर आपल्यातलेच काही म्हणतील, बाबासाहेबांनी तर ते सगळे सोडायला सांगितले होते. नीट वाचा. त्यांनी मेलेल्या ढोराचे मांस आणि मागून आणलेले उष्टे सोडायला सांगितले, कारण ती गावगाड्याने लादलेली लाचारी होती. आईच्या हातच्या ताज्या वजडीत लाचारी कुठली? शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांची चूल कागदावर आणली, तेव्हा उलट प्रश्न पूर्णब्रह्मवाल्यांना पडला.

मुंबईत पाट्या पाहत फिरा. मालवणी आहे, आगरी-कोळी आहे, मराठा खानावळ आहे, शुद्ध शाकाहारी तर गल्लोगल्ली. आपल्या चुलीची पाटी किती ठिकाणी दिसते? आणि दोष फक्त समोरच्यांचाच आहे का? 14 एप्रिलला, वस्तीतल्या लग्नाला आपण जेवणाचे कंत्राट कोणाला देतो? वस्तीत बचत गट असतो, आणि पनीर मात्र बाहेरच्या केटररचे. बचत गटाच्या बायका तिथे रांगेत ताट घेऊन उभ्या!

डिलाईल रोडच्या, वरळीच्या, नायगावच्या बीडीडी चाळींच्या जागी आता टॉवर उभे राहत आहेत. चाळीतून डबे देणाऱ्या बायांना तिथे डबे करू देणार का? उद्या सोसायटी सुक्या बोंबलाच्या वासावर ठराव करील, तेव्हा आपण पुन्हा गप्प बसणार का? मुंबईत ‘फक्त शाकाहारी’ इमारती आहेत हे कोणाला माहीत नाही? हे प्रश्न ताबा मिळण्याआधीच बैठकीत मांडा, लेखी मांडा.

आम्ही आमच्यापुरती यादी करायला घेतली आहे. लोअर परळ स्टेशनपासून चालत जाता येईल अशा अंतरावर कोणती ताई, कोणती मावशी जेवण देते, काय देते, भाव काय, किती माणसांचे करू शकते. एक मावशी वर्षानुवर्षे मॉलच्या हाऊसकीपिंगवाल्या पोरींना डबे देतात. त्यांना नाव छापू का विचारले, तर म्हणाल्या, “छापा की! पण आदल्या दिवशी सांगून यायचं, ऐन वेळी भाकरी मिळणार नाही.”

मित्राचा दुसरा पगार 7 तारखेला आहे. मावशींना अकरा माणसांचे सांगून ठेवले आहे.