थुकरटवाडीचे हसू का आटले?

सोमवार-मंगळवारची रात्र झाली की आलापल्लीसारख्या जंगलातील गावातही घराघरांतून एकाच वेळी हशा ऐकू यावा, असा एक काळ होता. झी मराठी वाहिनीवरील ‘चला हवा येऊ द्या’ हा कार्यक्रम ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाला आणि त्यातील थुकरटवाडी महाराष्ट्राला आपलीच वाटू लागली. भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी बोली ऐकताना विदर्भातील प्रेक्षकाला वाटणारे अप्रूप काही वेगळेच होते. सागर कारंडे पोस्टमन होऊन अरविंद जगताप यांची पत्रे वाचू लागले की हसणारे घर क्षणभर गप्प होई. असा हा कार्यक्रम मार्च २०२४ मध्ये बंद पडला, तेव्हा मात्र फारशी हळहळ व्यक्त झाली नाही. प्रेक्षक त्याआधीच पांगला होता.

लोकांना प्रहसनांचाच कंटाळा आला, असे त्याचे कारण सांगितले जाते. ते पटण्याजोगे नाही. तसे असते तर २०१८ पासून सोनी मराठीवर चाललेली ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ एवढी रुजली नसती. खरे कारण उत्पादनाच्या वेगात शोधावे लागेल. आठवड्याला दोन भाग म्हटले तरी वर्षाला शंभर होतात आणि प्रत्येकात नवे विनोद हवेत. नट तेच राहू शकतात. लिहिणाऱ्याची कल्पकता मात्र मागणीनुसार वाढत नाही. मग पुरुषाला साडी नेसवणे, रंगरूपावरून चिडवणे, पाहुण्या चित्रपटाची तोंडभर स्तुती करणे, ही भरती सुरू होते. पाहुणे आरंभापासूनच येत; पण प्रारंभी त्यांच्या चित्रपटाची टोपी उडे, पुढे पुढे त्याची जाहिरातच तेवढी उरली. आपल्या मालाची विक्री करू पाहणाऱ्याला चिमटा कोण काढणार?

याच गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तरेस, वडसा येथील नाटक मंडळ्यांचा व्यवहार याच्या नेमका उलट आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टीचा हंगाम सुरू होतो. एकच नाटक गावोगावी होते, तिकीट काढलेला प्रेक्षक जिथे हसत नाही ती जागा दुसऱ्या गावी बदलते, आणि पावसाळ्यात मंडळ्यांना विसावा मिळतो. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीवरील दीर्घ सेवेबद्दल. तेथेही पांचट विनोद असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्याचा निकाल त्याच रात्री, समोरासमोर लागतो.

आलापल्लीच्या सागवनात एक कूप तोडला की पुन्हा तेथे कुऱ्हाड केव्हा लावायची, हे वनखात्याच्या कार्य आयोजनेत आधीच लिहिलेले असते. दूरचित्रवाणीला अशी आयोजना ठाऊक नाही. जुलै २०२५ मध्ये ‘चला हवा येऊ द्या’ परतला, तो निलेश साबळे यांच्यावाचून आणि नव्या सूत्रसंचालकासह. सूत्रसंचालक बदलणे सोपे होते. लेखकांना वर्षातील चार महिने मोकळे ठेवणे वाहिनीच्या हिशेबात बसत नाही, कारण तिच्या लेखी रिकामी रात्र म्हणजे बुडालेली जाहिरात.