चोरून हसणाऱ्यांस दोन शब्द

सुशिक्षित म्हणविणाऱ्या आपल्या वर्गांत एक चमत्कारिक रीत रूढ झाली आहे. विनोदी चित्रपट पोट धरधरून हसत पाहावयाचा, 'बिग बॉस'चा रोजचा भाग जेवणाचें ताट पुढें घेऊन न चुकतां पाहावयाचा, आणि दुसऱ्या दिवशीं चारचौघांत विषय निघाला म्हणजे, "छे, आम्ही कुठलें पाहतों! घरांत लावलेलें असतें, जातां येतां दृष्टीस पडतें इतकेंच," असें म्हणावयाचें. जातां येतां दृष्टीस पडणाऱ्या ह्या कार्यक्रमांत कोणाचें कोणाशीं केव्हां बिनसलें हें मात्र ह्या गृहस्थांस तारीखवार सांगतां येतें. इंग्रजींत ह्या वृत्तीस 'गिल्टी प्लेझर' असें भारदस्त नांव आहे; आपण तिला सरळ चोरटी मौज म्हणूं. आम्ही असले चित्रपट व असले कार्यक्रम आवडीनें पाहतों, आणि तसें सांगण्यास आम्हांस शरम वाटत नाहीं. आमचा आक्षेप मौजेस नाहीं, चोरटेपणास आहे.

हास्य हलकें म्हणून हीन, हा समज आला कोठून? भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत जे आठ रस सांगितले, त्यांत शृंगारामागोमाग हास्याचें नांव येतें. स्मितापासून अतिहसितापर्यंत हसण्याचे सहा भेद करून कोणतें हसूं उत्तमास, कोणतें मध्यमास व कोणतें अधमास शोभतें हेंहि तेथें सांगितलें आहे. म्हणजे हसण्यांत प्रतवारी आहे. हसणेंच अधम असें शास्त्रकारांचें म्हणणें नाहीं. कोल्हटकर, गडकरी, चिं. वि. जोशी ह्यांच्या विनोदास आपणच वाङ्मयाच्या देवघरांत बसविलें. तोच विनोद पडद्यावर आला कीं मात्र आपणांस सोवळें आठवतें.

१९८८ सालीं निघालेला 'अशी ही बनवाबनवी' घ्या. पुण्यांत भाड्याची जागा मिळत नाहीं. घरमालकीण जोडप्यांवांचून कोणास थारा देत नाहीं. म्हणून चार तरुणांपैकीं दोघे लुगडें नेसून बायका बनतात. गोष्ट एवढीच, आणि तीहि हृषिकेश मुखर्जी ह्यांच्या १९६६ सालच्या 'बीवी और मकान' ह्या हिंदी चित्रपटावरून घेतलेली. 'थिल्लर' हा शेरा मारून मोकळें होण्यास ह्याहून अधिक काय हवें? पण शेरा मारणाऱ्यानें चित्रपटाची बांधणी एकदां तरी नीट पाहावी. एक खोटें निभावण्यासाठीं दुसरें, दुसऱ्यासाठीं तिसरें, आणि दारावर आलेला प्रत्येक नवा माणूस म्हणजे नवें संकट. ह्या साखळीची एक कडी जरी निसटली तरी सारा डोलारा कोसळावा, पण ती निसटत नाहीं. ह्या साऱ्याच्या मुळाशीं पोटापाण्यासाठीं पुण्यास येणाऱ्या गरीब तरुणास डोकें टेकण्यापुरती जागा मिळत नाहीं, ही अगदीं खरी आणि फारशी हसण्याजोगी नसलेली गोष्ट आहे. तीच गोष्ट एखाद्या कादंबरीकारानें रडत सांगितली असती तर तिला आपण सामाजिक आशय म्हटलें असतें.

आणखी एक गंमत आहे. बालगंधर्वांच्या शालूंचें वर्णन करतांना ज्यांचा कंठ दाटून येतो, त्यांसच लक्ष्मीकांत बेर्डे ह्यांची पार्वती उथळ वाटते. दोघांची बरोबरी करण्याचा वेडेपणा आम्ही करणार नाहीं. बालगंधर्व आपण पुरुष असल्याचा विसर पाडीत. बेर्डे तो क्षणभरहि पडूं देत नाहींत. विनोद तेथेंच आहे, आणि तें कसब निराळें असलें तरी कसबच आहे. ह्या कसबाची कदर आपण केव्हां केली? अशोक सराफ ह्यांस पद्मश्री मिळाली ती २०२५ सालीं, ह्या चित्रपटानंतर सदतीस वर्षांनीं. बेर्डे तर २००४ सालींच पन्नाशी ओलांडतां ओलांडतां गेले.

आतां 'रिॲलिटी शो'कडे वळूं. येथें प्रतिपक्ष अधिक जोरांत असतो, आणि त्याचें थोडें खरेंहि आहे. 'बिग बॉस'चें मूळ हॉलंडमध्यें १९९९ सालीं सुरू झालेला 'बिग ब्रदर' हा कार्यक्रम. त्याचें नांव जॉर्ज ऑर्वेलच्या १९४९ सालच्या कादंबरींतील सर्वसाक्षी सत्तेवरून घेतलेलें आहे. ज्या पाळतीची लेखकानें भीति घातली तीच रात्रीच्या करमणुकीची वस्तु व्हावी, ह्यावर स्वतः ऑर्वेल काय म्हणता कोण जाणे! तरीहि तें घर आम्हांस परकें वाटत नाहीं. भाजी कोणीं चिरली, भांडीं कोणीं घासलीं, चहाची साखर कोणीं संपविली, ह्यावरून पेटणारीं भांडणें आपल्या वाड्यांनीं आणि चाळींनीं पिढ्यान् पिढ्या पाहिलीं आहेत. माणूस खरा कोणता आणि सोंग कोणतें हें ओळखण्याचा खेळ आपल्या आज्या नळावर रोज खेळत होत्या.

मराठी 'बिग बॉस'च्या २०२४ सालच्या पांचव्या पर्वांत बारामतीकडील एका खेड्यांतून आलेला सूरज चव्हाण विजयी झाला. त्याच्या बोलीस नाक मुरडणारे पुष्कळ लोक आम्हांस भेटले. ज्या बोलीस आपल्या दिवाणखान्यांत कोणी बसावयास पाट दिला नसता, ती सत्तर दिवस त्याच दिवाणखान्यांत ऐकूं आली, हें त्यांचें दुःख होतें. त्याची निवड योग्य होती कीं नाहीं ह्यावर वाद जरूर व्हावा. पण वाद घालावयाचा तर पाहिल्याचें कबूल करावें लागतें!

खरें नुकसान होतें तें येथें. चोरून जेवणाऱ्यास भाजी अळणी झाल्याची तक्रार करतां येत नाहीं. चोवीस तासांच्या चित्रणांतून तासाभराचा भाग कातरतांना कोणास खलनायक ठरविलें जातें, कोणाचें कोणतें वाक्य कोठें जोडलें जातें, ह्याची चिकित्सा करणारे टीकाकार मराठींत कितीसे आहेत? ज्यांनीं ती करावी त्यांनीं आपण पाहतच नाहीं असें सांगून ठेवलें आहे. उलट २००९ सालीं कार्तिकी गायकवाड जिंकली तो 'सारेगमप'चा 'लिटल चॅम्प्स' पाहण्यास घरचीं सारीं माणसें उघडपणें, अभिमानानें बसत. तेथें स्पर्धा होती, मतांची याचना होती, अश्रूहि होते. आणि स्पर्धक तर लहान मुलें होतीं. पण मुखांत नाट्यगीत व अभंग असल्यामुळें तो 'संस्कार' ठरला. कोवळ्या जिवांवर पडणाऱ्या ताणाविषयीं पुरेसे प्रश्न तेव्हां विचारले गेले नाहींत. मुलें सुरेख गात, आम्हीहि तल्लीन होऊन ऐकत होतों; पण गाणें चांगलें म्हणून चौकट चांगली, हा न्याय कोणता? एकास न पाहतां निषिद्ध ठरवावयाचें आणि दुसऱ्यास न तपासतां पवित्र ठरवावयाचें, ह्यास अभिरुचि म्हणत नाहींत, शिवाशीव म्हणतात.

वेळ फुकट जातो, हा आक्षेप राहिला. तो लग्नांतील पंगतीसहि लागू आहे. तेथें तो कोणी काढीत नाहीं.

आमची मागणी फार मोठी नाहीं. कादंबरीच्या परीक्षणास जीं पानें मिळतात त्यांतलीं दोन ह्या करमणुकीस मिळावीं, आणि तीं कुत्सितपणें नव्हे तर जाणकारीनें लिहिलेलीं असावीं. तूर्त स्थिति अशी कीं 'अशी ही बनवाबनवी'तील संवाद घरोघर तोंडपाठ आहेत. मात्र ते लिहिणारे वसंत सबनीस, हें म्हणून दाखविणाऱ्यांपैकीं फार थोड्यांस ठाऊक असतें.