नातं खरं, पण कोणत्या वाटेनं?

मंडळी, "हा तुमचा कोण?" असं कुणी विचारलं, की आपण एका शब्दात सांगून मोकळे होतो, "नात्यातला." तेवढ्यावर चहा होतो, मुक्काम होतो, लग्नाची पत्रिकाही जाते. सरकारी कागदाचं मात्र तेवढ्यावर भागत नाही. तो विचारतो, नात्यातला खरा, पण कोणत्या वाटेनं? या एका प्रश्नानं यंदा आमच्या सेलूच्या घराची झोप उडवली.

आमची पुतणी बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाली. पुढच्या प्रवेशाला जात वैधता प्रमाणपत्र लागतं. अनुसूचित जातीच्या अर्जदाराला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात, कारण राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश त्या दिवशीचा. आता आमच्या वडिलांनी शाळेची पायरी पाहिली नाही. ते दुसऱ्याची गुरं राखत होते. आजोबांच्या नावावर जमिनीचा तुकडा नाही. मग जुना कागद येणार कुठून? फाईल त्रुटी लागून परत आली. पोरगी दोन दिवस धड जेवली नाही.

तेव्हा पुण्याला कामाला असलेला आमचा भाचा लॅपटॉप घेऊन आला. ग्रॅम्प्स नावाचा एक प्रोग्राम आहे. फुकट मिळतो, २००१ पासून देशोदेशीचे लोक मिळून तो वाढवतात. त्यात घराण्याचं झाड मांडता येतं. भाच्यानं दोन वर्षं लग्नामयतीला येईल त्याला विचारून दीडेकशे माणसं त्यात भरली होती.

ओसरीवर बसून त्यानं आम्हाला त्या झाडात फिरायचं कसं ते दाखवलं. प्रत्येक माणसाचं एक कार्ड. कार्डावर आईबाप, नवरा किंवा बायको, लेकरं. ज्याच्या नावाला हात लावाल तो मधे येतो आणि त्याचे नातेवाईक भोवती दिसतात. बापाला हात लावला की एक पायरी वर, लेकराला लावला की एक पायरी खाली. एका माणसाला "घरचा" ठरवून ठेवायचं. आम्ही पुतणीला ठेवलं. कितीही लांब भटकलात तरी घराचं चित्र दाबलं की परत तिच्यापाशी. आलो त्या वाटेनं मागं जायचं तर बाणाची खूण. आणि समोरचा माणूस घरच्याचा कोण लागतो, ते खालच्या पट्टीवर लिहून येतं.

भाच्यानं जुन्या शाळेत गेलेला एक माणूस शोधून काढला. पट्टीवर इंग्रजीत आलं "कझिन", दोन पिढ्या वरचा. आम्ही हरखलो. घरात पेढे आणायची भाषा सुरू झाली.

वडिलांची धाकटी बहीण, आमची आत्या, खाटेवर पडून ऐकत होती. पंच्याऐंशीच्या घरातली, डोळ्यांना कमी दिसतं. ती म्हणाली, "आरं, त्यो तर तुझ्या आईच्या माहेरचा. त्याचा कागद भावकीत कसा चालंल?"

भाच्यानं पायऱ्या मोजल्या. आत्याचं खरं होतं. वाट आजीवरून जात होती. वैधतेला नातं लागतं बापाच्या रक्ताचं, आणि इंग्रजीत चुलत, मामे, आते, मावस सगळे एकच कझिन! आपल्या मायमराठीनं चार वाटांना चार शब्द दिलेत, ते उगाच नाही.

आणखी एक घोळ निघाला. आमची आई म्हणजे वडिलांच्या मामाची मुलगी. म्हणजे वडिलांचा मामा आणि आमच्या आईचा बाप हा एकच माणूस. भाच्यानं त्याची दोन कार्डं केली होती, त्यामुळं अर्धं गणगोत एकीकडं, अर्धं दुसरीकडं लटकलेलं. दोन्ही कार्डं जोडून एक केलं, तेव्हा झाड सरळ झालं. आपल्याकडं मामाची मुलगी करण्याची रीत आहे, तिथं ही चूक हमखास होते.

मग आत्याच बोलायला लागली. "माझ्या चुलत्याचा पोरगा शाळंत जायचा. वालूरकडं. नाव निराळं होतं त्याचं तवा." छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर पुष्कळांनी कचरू, धोंडू, दगडू अशी लादलेली नावं टाकली, आडनावं बदलली. आम्ही त्याला नव्या नावानं शोधत होतो. शाळेच्या रजिस्टरात तो जुन्या नावानं बसला होता. भाच्यानं त्याच कार्डावर दुसरं नाव म्हणून ते लिहिलं. पुतणीपासून बाप, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशा चार पायऱ्या वर. तिथून दोन पायऱ्या खाली. सगळी वाट पुरुषांवरून. चुलत आजोबा!

शाळेचा उतारा मिळाला. नोंद उर्दूत, साल १३५५. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, तिथलं साल फसली. त्यात ५९० मिळवले की इसवी सन १९४५ येतं. जातीच्या रकान्यात "महार". ज्या शब्दाची वडीलधाऱ्यांना लाज वाटावी अशी वागणूक मिळाली, तोच आज नातीच्या हातातला पुरावा झाला.

शपथपत्रासाठी वंशावळ टाईप करून आणली. पुतणीनं ती आत्याला वाचून दाखवली. आत्यानं विचारलं, "माझं नाव कुठं हाय?"

कुठंच नव्हतं. वाट सांगणारी तीच, पण कागदावर तिचा भाऊ, बाप, चुलता, चुलतभाऊ. एवढं झाड लावणारा भाचाही त्या कागदावर नाही, कारण तो बहिणीचा. पुतणीनं लॅपटॉप तिच्यापुढं धरला आणि म्हणाली, "आत्याआजी, इथं आहेस बघ. माहेर, सासर, दोन्हीकडून वाट येते तुझ्यापाशी."

फाईल पुन्हा दाखल झाली आहे. निकाल यायचा आहे.

बंधूंनो, भगिनींनो, लॅपटॉप नसेल तर अडू नका. दोनशे पानी वही घ्या. एका माणसाला एकच पान. जुनं नाव, नवं नाव, गाव, शाळा लिहा. आईबाप आणि लेकरांच्या नावापुढं त्यांच्या पानाचा नंबर टाका. झालं, पानावरून पानावर फिरता येतं. बायकांची पानं माहेरच्या नावासकट करा. आणि हे या महिन्यातच करा. कागद कपाटात थांबतो, खाटेवरची आत्या थांबत नाही.