‘चांगली वस्ती’ निवडायची कोणी?

मुलांच्या शिक्षणासाठी गाव सोडायचं ठरलं की सल्ल्यांना तोटा नसतो. भाडं झेपेल अशी खोली बघा. मुलीला रात्री आठला क्लासहून एकटीनं येता येईल असा रस्ता बघा. घरमालक कोण, शेजार कसा, नळाला पाणी किती दिवसांनी येतं, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे का, हे विचारून घ्या. यातला एकही सल्ला चुकीचा नाही. बीड जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं दर मे-जूनमध्ये हीच यादी डोक्यात ठेवून अंबाजोगाई, लातूर, छत्रपती संभाजीनगर आणि पुण्याच्या गल्ल्या पालथ्या घालतात. वडील गावात शेती किंवा नोकरी सांभाळतात आणि आई मुलांना घेऊन शहरात एका खोलीत राहते. कुटुंबाच्या दोन चुली होतात आणि निम्मी मिळकत भाड्यात नि फीमध्ये जाते.

या कुटुंबांवर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो या सल्ल्यामागच्या समजुतीवर. चांगली वस्ती आणि चांगली शाळा ही हुशार पालकानं बाजारात हेरून आणायची वस्तू आहे, ज्याला ती मिळाली नाही त्याची हुशारी किंवा ऐपत कमी पडली, अशी ती समजूत आहे. ही समजूत किती खोटी आहे ते पाहायला बीडइतका चांगला जिल्हा नाही. कारण याच जिल्ह्यातून दिवाळीच्या आगेमागे आणखी एक स्थलांतर होतं आणि त्यात निवड नावाची गोष्टच नसते.

ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याला, म्हणजे एका ‘कोयत्या’ला, आपण सांगलीला जाणार की कोल्हापूरला, सोलापूरला की सीमेपलीकडे बेळगावकडे, हे मुकादम सांगतो. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायची असते, त्यामुळे नाही म्हणायची सोय नसते. मोळी पडल्यापासून पट्टा पडेपर्यंत, साधारण पाच-सहा महिने, घर म्हणजे कारखान्याच्या तळावरची किंवा उसाच्या फडाकडेची कोपी. पाचटाची किंवा ताडपत्रीची. लाखो माणसं दरवर्षी अशी जिल्ह्याबाहेर जातात, त्यांच्याबरोबर मुलंही जातात. नवीन जागा निवडण्याचे तीन निकष या मुलांना लावून बघू.

पहिला निकष सुरक्षिततेचा. तळावर संडास नाही, दिवा नाही, कोपीला दार नाही. आईबाप पहाटे फडात गेले की दहा वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळत मागे राहते. वयात आलेल्या मुलीला तळावर न्यायची भीती आणि गावात म्हाताऱ्या आजीपाशी ठेवायचीही भीती. या पेचातून घरं जो मार्ग काढतात, तो म्हणजे लग्न. शिवाय कोयता जोडीनंच लागतो, म्हणून मुलाचंही लग्न घाईनं उरकतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार बीडमधल्या २० ते २४ वयाच्या दर दहा स्त्रियांपैकी चारांहून अधिक जणींचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं होतं. बालविवाहाला ‘मागास मानसिकता’ म्हणून मोकळे होणाऱ्यांनी हा पत्ता तपासावा. ज्या बापाकडे मुलीला सहा महिने सुरक्षित ठेवायला जागा नाही, त्याला प्रबोधनाचं पत्रक देऊन काय होणार?

बाईच्या शरीराचा हिशेब तर याहून भयंकर आहे. २०१९मध्ये बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला आणि राज्य सरकारनं चौकशी समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. खाडा पडला की दंड, पाळीच्या दिवसांत आडोसा नाही, ही त्यामागची एक बाजू आहे. कामाची आणि राहण्याची जागा माणसाचं काय करते याचा याहून ठळक पुरावा कोणता हवा?

दुसरा निकष परवडण्याचा. कोपीला भाडं नाही, हे खरं. पण तिची किंमत मूल चुकतं करतं, कारण तिसरा निकष, म्हणजे शाळा, तिथं पार कोसळतो. शाळेचं वर्ष जूनपासून एप्रिलपर्यंत चालतं आणि गाळपाचा हंगाम नेमकं दुसरं सत्र गिळतो. मूल परत येतं तेव्हा परीक्षा तरी सुरू असते किंवा सुट्टी तरी लागलेली असते. पूर्वी ते न शिकताच पुढच्या वर्गात ढकललं जायचं. आता पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आहे. पुनर्परीक्षेतही नापास झालं तर त्याच वर्गात बसायचं. ज्या महिन्यांत व्यवस्थेनं शिकवलंच नाही, त्या महिन्यांची शिक्षा आता मुलाच्या प्रगतिपुस्तकात लिहिली जाईल.

यावर कायदा काय म्हणतो? १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा ‘परिसरातल्या शाळे’च्या कल्पनेवर उभा आहे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंत एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटरच्या आत शाळा असायला हवी. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळतो हे पाहणं ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे, असं कलम ९ सांगतं. म्हणजे पालकानं शाळा असलेली वस्ती शोधायची नसून, मूल ज्या वस्तीत आहे तिथं सरकारनं शाळा पोचवायची आहे. कायद्यानं सल्ल्याची दिशाच उलटी केली. आपण मात्र अजून जुनाच सल्ला देत बसलो आहोत.

सरकारनं काहीच केलं नाही, असं म्हणता येणार नाही. साखरशाळा झाल्या. मुलांनी गावातच राहावं म्हणून हंगामी वसतिगृहं आली. सोबत नेण्यासाठी शिक्षण हमी पत्रक आलं. २०२१मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेखाली ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांचा निर्णय झाला. पण या सगळ्यांत एक दुखणं समान आहे. योजना फाइलच्या वेळापत्रकानं चालते आणि टोळी गाळपाच्या. वसतिगृहाची मंजुरी ट्रक निघून गेल्यावर आली, तर ती मुलासाठी आलीच नाही. हंगामी वसतिगृहांतल्या बोगस पटाच्या तक्रारीही जिल्ह्याला नव्या नाहीत. मूल फडात आणि नाव हजेरीपटावर, ही चोरी जेवणाच्या पैशांपुरती नसते. ते मूल शाळेतच आहे असं दाखवून त्याला शोधण्याचं कारणच ती संपवते.

आता पहिल्या स्थलांतराकडे परत येऊ, कारण या दोन्हींचा संबंध आहे. जो शिक्षक, तलाठी, दुकानदार, बागायतदार आपली मुलं घेऊन लातूरला गेला, तो जिल्हा परिषदेच्या शाळेतून फक्त दोन मुलं घेऊन गेला नाही. गटशिक्षणाधिकाऱ्याला जाब विचारणारा आवाजही घेऊन गेला. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत. ज्यांच्या सहीला तालुक्यात वजन आहे ते पालक निघून गेले आणि उरलेल्यांतले निम्मे वर्ष फडात असले, तर ती समिती कागदावरच भरणार. मग पट घटतो आणि पट घटला म्हणून शाळा बंद करण्याची भाषा सुरू होते. शाळा वाईट म्हणून लोक जातात आणि लोक जातात म्हणून शाळा वाईट होते.

‘पण तत्त्वासाठी स्वतःच्या मुलाचा बळी द्यायचा का?’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर ‘नाही’ हेच आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये बीड आणि माजलगावात घरं पेटताना ज्यांनी पाहिली, डिसेंबर २०२४मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या ज्यांच्या शेजारच्या गावात झाली, त्यांना ‘इथंच राहा’ असं सांगायचा अधिकार मला नाही. जायचं त्यानं जावं. पण जाण्याला धोरण समजू नये. एक कुटुंब निघून सुरक्षित होतं, त्यानं गाव सुरक्षित होत नाही. आणि जो निघू शकत नाही त्याच्याकडे ‘शिक्षणाची आस्था नाही’ असं निघून गेलेल्यानं तरी म्हणू नये.

मागण्या अवघड नाहीत. कारखान्याला दरवर्षी साखर आयुक्तांकडून गाळप परवाना घ्यावा लागतो. शेतकऱ्याची एफआरपी थकली तर तो परवाना अडवता येतो, हे आपण पाहिलं आहे. मग तळावरच्या मुलांची नावनिशीवार यादी आणि त्यांच्या शाळेची सोय दाखवल्याशिवाय परवाना नाही, अशी अट का नको? उसाच्या प्रत्येक खेपेची वजनपावती निघते, प्रत्येक कोयत्याची उचल मुकादमाच्या वहीत पैशापैशानं लिहिलेली असते. या उद्योगाला मोजता येत नाही असं नाही. मुलं मोजायची नाहीत, एवढंच ठरलेलं आहे.

दुसरी मागणी, गावातलं वसतिगृह पहिली टोळी निघायच्या आधी उघडलं पाहिजे आणि शेवटची टोळी परतेपर्यंत चाललं पाहिजे. मुलींसाठी स्त्री अधीक्षक, कुंपण आणि दिवा यांवाचून वसतिगृह म्हणू नये. आजीपेक्षा ते सुरक्षित आहे असं आईला वाटलं, तरच ती मुलगी मागे ठेवील. तिसरी, गाव सोडून गेलेल्यांकडे. पुण्यात बीडकरांचे मेळावे होतात, सत्कार होतात, गावच्या मंदिराच्या कळसाला वर्गणी जाते. त्यांतल्या चौघांनी हंगामात एकदा गावातल्या वसतिगृहाचा पट आणि प्रत्यक्षातली मुलं ताडून पाहिली, आणि फरक आढळला तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, तर त्या आवाजाची थोडी परतफेड होईल.

वस्ती चांगली की वाईट हे ठरवायचं असेल, तर तिथं कोणती शाळा आहे एवढंच विचारून भागत नाही. तिथल्या सगळ्यात गरीब घरातलं मूल जानेवारीत कुठं असतं, ते विचारावं लागतं. बीडमध्ये आजही त्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘फडात’ असंच येतं.