वाचण्याची मुभा आणि वाटण्याचा परवाना

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पणदरे-माळेगावच्या शिवारात जो ऊस उभा राहतो आणि ज्याच्या बिलावर घरोघरच्या मुलांची फी भरली जाते, त्या शिवारातून रोज सकाळी एस.टी.ने बारामतीस जाणाऱ्या विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्यास विद्यापीठीय अध्यापकांनी लिहिलेला पदार्थविज्ञानाचा ग्रंथ आज एक पैसाही न देता मिळू शकतो. आणि तरीही तो ग्रंथ त्याच्या हाती क्वचितच पडतो, ही मला खेदाची गोष्ट वाटते.

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २००६ साली काढलेल्या अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकाचे मुख्य सल्लागार ए. डब्ल्यू. जोशी हे पुणे विद्यापीठात अध्यापन केलेले, आणि सल्लागार समितीचे अध्यक्ष जयंत नारळीकर. हे पुस्तक महाजालावर एकेका प्रकरणाच्या स्वतंत्र फाइलीत ठेवलेले असल्याने घरातल्या एकुलत्या मोबाइलवर, बापाचे काम आटोपल्यावर, मुलाला हवे तेवढेच प्रकरण उतरवून घेता येते. आपल्या शेजारच्या विद्वानांनी सिद्ध केलेले हे पुस्तक सोडून मुले बाजारू गाइडे विकत घेतात, याचा दोष मुलांकडे नाही; वर्गात त्याचा पत्ता कोणी सांगितला नाही, एवढेच त्याचे कारण.

परंतु विनामूल्य वाचण्याची मुभा निराळी आणि वाटण्याचा व भाषांतराचा परवाना निराळा. रिचर्ड फाइनमन यांनी १९६१ ते १९६३ या काळात कॅलिफोर्नियात दिलेली विख्यात व्याख्याने २०१३ पासून महाजालावर खुली होत गेली, तरी ती केवळ वाचण्यापुरती. त्यांच्या प्रती काढण्यास वा ती मराठीत आणण्यास हक्कदारांची परवानगी लागतेच. उलट, अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स उपक्रमाने २०१६ साली काढलेला विद्यापीठीय भौतिकशास्त्राचा त्रिखंडात्मक ग्रंथ मूळ कर्त्यांचा उल्लेख करून कोणीही छापावा, वाटावा, भाषांतरित करावा अशा परवान्यानिशी दिलेला आहे. दहावीपर्यंत मराठीत संवेग आणि त्वरण शिकलेला मुलगा अकरावीत एकाएकी इंग्रजीच्या भिंतीपाशी येऊन थबकतो, त्याच्या दृष्टीने या परवान्याचे मोल किमतीच्या माफीहून अधिक आहे.

असा परवाना आपल्याकडील अध्यापकांनीही आपल्या लेखनाला द्यावा; सरकारी तिजोरीतून वेतन घेणाऱ्या अध्यापकाने आपली टिपणे कुलूपबंद ठेवावीत, हे मला न्याय्य वाटत नाही. मात्र असे लेखन करणाऱ्याच्या परिश्रमांची गणना त्याच्या बढतीच्या वेळी संशोधनाइतकीच होईल, अशी तजवीज विद्यापीठानेही करावयास हवी.

बारामतीत १९६२ सालापासून तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय उभे आहे, पुण्यात विद्यापीठ आहे. तेथील पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांस माझी विनंती एवढीच, की येत्या उन्हाळी सुटीत त्यांनी ओपनस्टॅक्सच्या या मुक्त ग्रंथातील एकेक प्रकरण वाटून घ्यावे, ते मराठीत उतरवावे, आणि त्याच परवान्यानिशी पणदऱ्याच्या मुलांपर्यंत पोहोचवावे.